मृगाच्या आत ठरवून टाकायचं

आमच्याकडं खरं वर्ष जूनमधे बदलतं. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, वह्यांची पूजा दिवाळीत होते, एक जानेवारीला मोबाईल शुभेच्छांनी भरून जातो, ते सगळं आपापल्या जागी आहे, पण माणूस खरा कामाला लागतो तो रोहिण्या संपत आल्या की. रानात नांगरट होऊन ढेकळं तापत पडलेली, पोरांची नवीन दप्तरं घरात आलेली, शाळा जूनच्या मध्याला उघडणार, आणि मोंढ्यात जो भेटंल तो एकच विचारणार, यंदा काय टाकायचं, सोयाबीन का कापूस. सगळा मुलूख पुढच्या सात-आठ महिन्यांचं ठरवत बसलेला असतो. मला वाटतं स्वतःसाठी काही शिकायचं असंल, एखादा सुटलेला छंद पुन्हा धरायचा असंल, तर ते ठरवायचीही हीच वेळ आहे, आणि यंदा मी ते ठरवलंय म्हणून हे लिहायलोय.

परभणी जिल्ह्यातल्या सेलूला मोंढ्याजवळ माझं कृषी सेवा केंद्र आहे, बियाणं, खत, औषधं. ज्याला हा धंदा माहीत आहे त्याला सांगायला नको, एप्रिल-मे मधे दुपारी बारा ते चार चिटपाखरू फिरकत नाही, बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन, अर्धं शटर खाली ओढून कूलरसमोर बसायचं. आणि एकदा का पहिला दमदार पाऊस झाला की पुढचा महिना-दीड महिना जेवायला घरी जाता येत नाही. सकाळी सातला लोकं शटरपाशी उभी, ह्याला अमुकच वाण पाहिजे, त्याला उधारीवर पाहिजे, खताच्या बॅगा द्यायच्या तर पॉस मशीनवर अंगठा लावायचा, तो अंगठा उमटत नाही कारण आयुष्यभर रानात काम करून बोटाच्या रेषाच झिजलेल्या असतात, मग दुसरं बोट, मग हात धुऊन पुन्हा पहिलं. अशा दिवसांत नवीन काही ठरवणं होत नाही. आधी ठरलेलं असंल तर निदान ते चालू राहतं. म्हणून आत्ता, मोकळ्या दुपारी आहेत तोवरच, ठरवून टाकायचं.

मी मोडी शिकायलोय, मराठी लिहायची जुनी लिपी.

मे महिन्यात एका दुपारी गल्ल्यावर वही उघडून बाराखडी गिरवत होतो तेव्हा एक ओळखीचे काका डीएपी खताचा भाव विचारायला आले. थोडा वेळ बघत उभे राहिले, मग म्हणाले, "काय लिव्हायले शेठ?" म्हणलं, "मोडी शिकायलोय काका, घरचे जुने कागद वाचायचेत." काका म्हणाले, "वाचून काय भेटंल? जमीन निघती का त्यात?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि खरं ते सांगितलं की जमीन-बिमीन काही नाही, फक्त वाचायचंय.

ह्या प्रश्नाचा मला कधी राग येत नाही. काकांनी बहात्तरचा दुष्काळ पोरवयात बघितलेला आहे, आईबापाबरोबर खडी फोडायच्या कामावर जाऊन सुकडी खाल्लेली आहे. आणि तेवढं मागं तरी कशाला जायचं, २०१६ च्या एप्रिलमधे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यादेखत झालेलं आहे. जिथं घागर घागर मोजून वापरावी लागते तिथं माणूस प्रत्येक गोष्टीला विचारणारच की ह्यातनं काय भेटंल. तीच सवय मग पोरांच्या शिक्षणाला लागते, बाईच्या दुपारच्या वेळेला लागते, म्हाताऱ्याच्या पेटी शिकायच्या हौसेलाही लागते. मला ती सवय समजते, पण तिच्यापुढं मान टाकायची माझी तयारी नाही. पोट भरायच्या कामाच्या पलीकडं एखादी गोष्ट आपल्याला येत असावी, ती वर्षावर्षाला थोडी जास्त येत जावी, ह्याची भूक आपल्या भागातल्या माणसालाही तेवढीच आहे, फक्त ती बोलून दाखवायची लाज वाटते.

आता मोडीच का, तर घरी एक पत्र्याची पेटी आहे आणि तिच्यात लाल रुमालात बांधलेलं पणजोबांच्या वेळचं जुन्या कागदांचं एक दप्तर आहे. लहानपणापासून ते फक्त दसऱ्याला हळदकुंकवासाठी बाहेर निघायचं. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळं सरकारी छापील मजकूर उर्दूत, आणि गावच्या कुलकर्ण्यानं, सावकारानं, व्यापाऱ्यानं हातानं लिहिलेलं मोडीत. आमच्या दप्तरात असा एक कागद आहे, वरती स्टँपावर उर्दू छापलेलं, खाली मोडीच्या ओळी, शेवटी अंगठ्याचे ठसे. पणजोबांनी बैलजोडीसाठी पैसे घेतले त्याचा तो कागद, एवढं आजोबांकडून ऐकलेलं. आत काय लिहिलंय ते घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. मोडी शाळेतून १९५० च्या आसपास गेली, आणि ज्यांना येत होती ती माणसंही गेली. २०२३ मधे कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं सगळीकडं शोधावी लागली, तेव्हा बऱ्याच घरांत पहिल्यांदा लक्षात आलं की आपल्याच पेटीतलं आपल्याला वाचता येत नाही.

मोडीची गंमत अशी की आपण अक्षर लिहून मग वर रेघ देतो, तिथं आधी कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिच्या खाली अडकवत जायचं, शक्यतो हात न उचलता. शब्द कुठं संपला ते दिसत नाही, मधे जागाच सोडलेली नसते. ह्रस्व-दीर्घ वेलांटी-उकाराचा भेद नाही. पूर्णविराम नाही. र तर दर वेळी वेगळा, मागंपुढं कोण आहे त्याप्रमाणं आकार बदलतो, मला सगळ्यात जास्त दमवलं ते ह्या र नं. पण आकड्यांशी माझी लवकर मैत्री झाली, कारण आमचा धंदाच हिशोबाचा. पाच लिहून पुढं दोन उभे दंड, ५॥, म्हणजे साडेपाच. तीन दंड म्हणजे पावणेसहा. माझे आजोबा उधारीच्या वहीत असंच लिहायचे आणि मी लहानपणी ते बघितलेलं होतं, म्हणून ती ओळख पटकन पटली. मग कागदावर 'हाली' हा शब्द सापडला. हाली म्हणजे निजामाचा रुपया, इंग्रजांचा तो कलदार, साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव असायचा. तारखेत सन १३४० फसली, फसली म्हणजे निजामाच्या सरकारी कागदांवरचं साल. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १९३०-३१ चा कागद. हे एवढं हाती लागलं त्या दुपारी मी दुकानात एकटाच होतो आणि मोठ्यानं वाचून दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून बायकोला फोन लावला.

मोडी यादवांच्या वेळी हेमाडपंतानं चालू केली असं परंपरेनं सांगतात. इतिहासकार त्यावर वाद घालतात, ते घालोत बापडे, मला मात्र यादवांच्या राजधानीचा, देवगिरीचा किल्ला आपल्या मराठवाड्यात आहे म्हणून ती गोष्ट आवडते. आणि आता तर २०१४ पासून मोडी युनिकोडमधे आलीय, म्हणजे फॉन्ट टाकला की फोनवरही दिसते. पुराभिलेख संचालनालयाकडून मोडीचे प्रशिक्षण वर्गही घेतले जातात, ज्याला जमंल त्यानं जावं. मी सध्या तक्ता समोर ठेवून आणि व्हिडिओ बघून शिकायलोय.

आता मुद्द्यावर येतो, ध्येय ठरवायचं कसं. माझ्या दुकानात मी दर मे महिन्यात शेतकऱ्यांना एकच गोष्ट घसा कोरडा होईपर्यंत सांगतो, घरचं सोयाबीन पेरायचं असंल तर आधी उगवण बघा. ओलं गोणपाट घ्यायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, आणि सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर हेक्टरी पंच्याहत्तर किलोच्या हिशोबानं पेरा, कमी आले तर बियाणं वाढवा, फारच कमी आले तर दुसरं बघा. छंदाचंही मला हेच करावंसं वाटलं. उन्हाळ्याच्या मोकळ्या दुपारी थोडं थोडं दोन-तीन गोष्टींना हात लावून बघितला. पेटी वाजवून बघितली, इंग्रजी बोलायचं एक ॲप घेऊन बघितलं, आणि मोडी. पंधरवड्यानंतर मला कळलं की बिल फाडता फाडता माझा हात बिलबुकाच्या कोपऱ्यात आपोआप मोडी श्री काढायलाय. पेटीची आठवण तर मला पेटी समोर दिसली तरच यायची. मग ठरवायला काय उरलं? आणि ह्या चाचणीच्या काळात काही म्हणता काही विकत घ्यायचं नाही, हे माझं ठाम मत आहे. बोरू, शाई, खास कागद, महागाचा कोर्स, हे सगळं नंतर. माझं अजून बॉलपेनवरच चाललंय.

आणि एकच गोष्ट. मोडी ठरली की पेटी आणि इंग्रजी यंदा नाही, मनाला तसं स्पष्ट सांगून मोकळं व्हायचं.

त्यातही 'मोडी शिकणे' असं मी लिहिलेलं नाही, कारण मोडी शिकून झाली असं म्हणता येईल असा दिवस कधी येणारच नाही. मी लिहिलंय, बैलांचा कागद कार्तिकी एकादशीच्या आत पूर्ण वाचून बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, उतरवायचा, आणि घरात सगळ्यांपुढं वाचून दाखवायचा. कार्तिकी का, तर त्याला कारण माझी आज्जी.

आज्जी दर चातुर्मासात ज्ञानेश्वरी लावायची. नऊ हजारांवर ओव्या आहेत, नेमकं सांगायचं तर प्रचलित प्रतीत ९०३३. आषाढी ते कार्तिकी साधारण एकशेवीस दिवस धरले तर रोजच्या पंच्याहत्तर पडतात. आज्जीला हे गणित कुणी घालून दिलं नव्हतं, तिचं वाचनही अडखळत, बोट ठेवून, पण पोथीतलं मोरपीस रोज थोडं पुढं सरकायचं आणि कार्तिकीला पोथी पूर्ण व्हायची. आषाढीच्या आदल्या दिवशी ती चुलीपाशी सगळ्या सुनांना ऐकू जाईल असं सांगायची, उद्यापासून माझी पोथी लागली. तिथून पुढं चार महिने दुपारच्या त्या तासाला तिला कुणी हाक मारायचं नाही. पाहुणा आला तरी तो ओसरीवर बसायचा. त्या घरात चौदा-पंधरा माणसं, सकाळी उठल्यापासून तिच्या नावानं हाका, आणि तेवढा एक तास तिचा स्वतःचा, सगळ्यांनी मान्य केलेला. आपल्याकडं नेम म्हणतात तो हा. एकच गोष्ट, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, घरात जाहीर सांगितलेली, सुरुवात कधी आणि शेवट कधी हे सगळ्यांना माहीत, आणि शेवटी उद्यापन. आपण बाहेर कुठंकुठं ध्येय ठरवायच्या पद्धती शोधत फिरतो आणि ही आपल्या घरात किती पिढ्या चालत आलेली आहे.

हे मी बायकोला सांगत होतो तेव्हा ती म्हणाली, "अहो, त्यांच्या वाचनाला देवाचं नाव होतं म्हणून त्यांना कुणी उठवलं नाही. मी दुपारी वही घेऊन बसले तर दहा मिनिटांत कुणीतरी चहा मागतं." तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि मला ते तिनं सांगेपर्यंत दिसलेलं नव्हतं. छंदासाठी वेळ काढा असं सगळे सांगतात, पण घरातल्या बाईचा वेळ तिच्या एकटीच्या हातात नसतो, तो घरानं मिळून सोडावा लागतो. तिला उर्दू शिकायचीय. माहेर परभणीचं, शेजारी सगळ्या पाट्या दोन्ही भाषांत, बोलायला तिला दखनी चांगली येते पण वाचता येत नाही, आणि त्या बैलांच्या कागदाचा वरचा भाग उर्दू आहे, तो मला मोडीतनं कधीच कळणार नाही. आमच्या गल्लीतल्या एक चाची, उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या, त्यांनी शिकवायचं कबूल केलंय. अलिफ, बे, पे, ते पासून सुरुवात झालीसुद्धा. अक्षर शब्दाच्या सुरुवातीला वेगळं, मधे वेगळं, शेवटी वेगळं, आणि स्वरांच्या खुणा बहुतेक लिहीतच नाहीत, त्यामुळं शब्द आधी ओळखीचा असावा लागतो. मोडीत शब्द तोडायची अडचण आणि उर्दूत स्वर भरायची, रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं एकमेकांना आपापल्या अडचणी सांगतो. तर घरात आता सगळ्यांसमोर ठरलंय, चार ते पाच तिचा तास, त्या वेळेतला चहा पोरगी करणार किंवा मी फोन करून सांगणार की मी हॉटेलात घेतो.

पोरगी यंदा दहावीला गेली. दहावी म्हणलं की आमच्या भागात घरचा टीव्हीसुद्धा बंद होतो, पुढं लातूरला घालायचं का, नीटची तयारी कधीपासून, हे बोलणं आत्ताच चालू झालंय. तिला पक्ष्यांचा नाद आहे. दोन नातेवाइकांनी सांगून झालं की आता वर्षभर दुर्बीण कपाटात. मी नाही ठेवू दिली. तिनं स्वतःच एक छोटं ठरवलंय, रविवारी सकाळी दुधना धरणाच्या बाजूला एक चक्कर, आणि यंदा चातक पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला ते वहीत लिहायचं. पावशा तर मे मधेच ओरडायला लागला, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, त्याची नोंद झाली. चातक पावसाच्या वाऱ्याबरोबर येतो, बरेचसे थेट आफ्रिकेतून समुद्र ओलांडून. दहा वर्षं अशी तारीख लिहीत गेली तर तिच्याजवळ सेलूच्या चातकाची दहा वर्षांची नोंद असंल, आणि त्यासाठी दहावीचा किती वेळ जातो? आठवड्याची एक सकाळ.

आता राहिला गर्दीचा महिना. एकवीस दिवस केलं की सवय लागते असं सगळीकडं सांगतात. ते मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० मधे आपल्या पेशंटवरून मांडलेलं निरीक्षण होतं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी एवढे दिवस जातात. पुढं लंडनमधे फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर नीट अभ्यास केला, तो २०१० मधे छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. मला त्यातला सगळ्यात धीर देणारा भाग वेगळाच वाटला, एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडत नाही असं त्यांना दिसलं. मृगाच्या सात जूनपासून ६६ दिवस मोजले तर ऑगस्टचा दुसरा आठवडा येतो, म्हणजे तोपर्यंत मला मनाविरुद्ध बसावं लागलं तरी मी ते धरूनच चाललोय. पेरणीच्या गर्दीत रोज एकच ओळ, तीही आदल्या दिवशीची ओळ आधी पुन्हा वाचून मग नवी. शिकलेलं दुसऱ्याच दिवसापासून पुसायला लागतं, परत हात फिरवला नाही तर चार दिवसांनी तोच र पुन्हा अनोळखी. वही गल्ल्याच्या खणात, पॉस मशीनच्या शेजारीच ठेवलीय, घरी नेली तर उघडली जाणार नाही हे मला माहीत आहे. मुख्य अभ्यास दुपारचा अर्ध्या तासाचा, तो पोळ्यानंतर, फवारणीची औषधं घ्यायची घाई सरली की.

ते डीएपीचा भाव विचारायला आलेले काका परवा पुन्हा आले होते. पिशवीत त्यांच्या घरातला एक कागद, चार घड्या घातलेला. म्हणाले, "शेठ, तुमचं झालं की हे बी बगा, आमच्या बापाच्या हातचं हाय म्हणत्यात." मी सांगितलं, कार्तिकीनंतर नक्की बघतो, आधी घरचा एक पूर्ण होऊ द्या. पण त्या कागदाच्या घडीवर भेग पडली होती आणि कडेला वाळवीनं खाल्लं होतं, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथंही सांगतो, कारण पाऊस तोंडावर आहे आणि मग ओल धरते. तुमच्या घरी असं काही असंल, मोडी असो का उर्दू, वाचता येत असो का नसो, तर मृगाच्या आत पेटी उघडा. कागद भिंतीला किंवा जमिनीला लागून ठेवू नका. घड्या हळूच उघडून सपाट करा, फाटलेल्या ठिकाणी सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पिवळा पडून शाई खातो. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, त्यातनं कागद पुन्हा सुखरूप बाहेर निघणं मुश्किल. कोऱ्या पांढऱ्या कागदांच्या मधे ठेवून वर सुती कापड गुंडाळा. आणि सकाळच्या उजेडात, थेट ऊन न लागू देता, मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, शिक्क्यांचे आणि अंगठ्यांचेही.